वाचकांच्या मापाचं बडोदं

माझा धंदा नकाशे बिघडवण्याचा आहे. असं म्हटलं की लोक हसतात, पण काम खरंच तसं आहे. साध्या नकाशात गाव जेवढं जमिनीवर असतं तेवढंच कागदावर दिसतं. मी त्या नकाशाला एखादा आकडा खाऊ घालते. किती माणसं, किती शाळा, किती विहिरी, जे हवं ते. मग त्या आकड्याच्या मापानं जागा फुगतात नाही तर आकसतात. जिथं माणसं फार तिथली जमीन पुरीसारखी टम्म होते, आणि जिथं कुणी नाही तिथलं मैलभर रान चिमटीत मावेल एवढं होतं. याला कार्टोग्राम म्हणतात. मी हे काम घरीच करते, दुपारी, खिडकीचा पडदा अर्धा ओढून. बटण दाबलं की स्क्रीनवरचे तालुके लगेच बदलत नाहीत. ते सावकाश कूस बदलतात, एकमेकांना ढकलतात, आणि मग कुठंतरी स्थिरावतात.

ते बघताना मी जागी असते का झोपलेली, हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. नवरा म्हणतो, डोळे उघडे ठेवून झोपण्याचे पैसे घेणारी बडोद्यातली तू एकटीच. म्हणू दे. माझ्या डोळ्यांसमोर नदी वळण सोडते, रस्ते ताणले जातात, हद्दी लाटेसारख्या हलतात, आणि तरीही सगळे शेजारी एकमेकांचे शेजारीच राहतात. कितीही वेडंवाकडं झालं तरी कुणाची शेजाऱ्याशी लागलेली हद्द तुटत नाही. या एका गोष्टीसाठी मला हे नकाशे सरळ नकाशांहून जास्त आवडत आलेत.

जुन्या शहराच्या मध्यात, रावपुऱ्यात, एका ऑफिसांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं मराठी वाचनालय होतं. लांबट खोली, दोन्ही भिंतींना कपाटं, रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या, आणि खालून स्कूटरचे हॉर्न. ते चालवत होत्या बाई. ग्रंथपाल म्हणून नेमलेल्या, पण झाडण्यापासून बाइंडिंगपर्यंत सगळं त्याच करायच्या. मी बारा-तेरा वर्षांची असताना त्या तिथं लागल्या. माझ्या कार्डावर एकच पुस्तक मिळायचं, बाई दोन द्यायच्या आणि दुसऱ्याची नोंद करायच्या नाहीत. एवढ्या एका लाचेवर मी त्यांची जन्माची झाले. आता त्यांची साठी जवळ आली होती. कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि हातात तारखेचा शिक्का, यांशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी कमिटीपुढे प्रश्न आला. म्हाताऱ्या सभासदांना दोन जिने चढवेनात. तेवढ्यात शहराच्या दक्षिण टोकाला, मांजलपूरच्या एका सोसायटीनं तळमजल्यावरचा हॉल देऊ केला. जायचं की राहायचं, यावर कमिटीत रोज फोनाफोनी आणि रुसवेफुगवे सुरू झाले. शेवटी सेक्रेटरी, एक निवृत्त प्राध्यापक, मला म्हणाले, “तू ते फुगलेले नकाशे करतेस ने? मग आपलाही कर. वाचक कुठं आहेत ते एकदा दिसू दे, म्हणजे भांडण मिटेल.”

मी हो म्हटलं. जिना उतरताना बाईंनी मला हाक मारून थांबवलं. मागं कुणी नाही ना ते बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “वाचनालयाची खोली इथंच राहिली पाहिजे गं. मांजलपूर मला फावणार नाही, झेपणार नाही. खोली गेली की मीही गेले असं समज.”

बाई रावपुऱ्याच्याच. वाचनालयामागच्या गल्लीत त्यांची राहायची खोली होती, सगळ्यांना माहीत होती. मला वाटलं, गुडघे दुखत असतील, किंवा नुसता हट्ट असेल. इतकी वर्षं घर आणि काम यांत दोनशे पावलांचं अंतर असलेल्या माणसाला रिक्षासुद्धा परदेशप्रवास वाटणारच. मी म्हटलं, काळजी करू नका, नकाशा माझ्या हातात आहे. बोलले आणि मलाच ते शब्द जरा जड वाटले.

रजिस्टर घरी आणलं. तीनशेच्या आसपास सभासद, प्रत्येकापुढं बाईंच्या गोल अक्षरात पत्ता. दोन दुपारी मी ते पत्ते मशीनमध्ये भरले आणि बटण दाबलं. बडोदं हलायला लागलं. रावपुरा उठला, नागरवाडा उठला, दोघं मिळून एवढे वाढले की मांजलपूर, तरसाली, गोत्री, वाघोडिया रोड सगळे कडेला भिंतीशी चेंगरले. कागदभर नुसता जुना मध्य पसरला. मी टाळी वाजवली. बाईंची खोली वाचली होती, आणि मी काहीही पदरचं घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नकाशाची प्रिंट घेऊन मी उगाच नागरवाड्यात गेले. कामासाठी नाही, मजेसाठी. स्वतः फुगवलेल्या जागेत एकदा चालून बघावं एवढंच. तीनची वेळ, दुकानांची शटरं अर्धी खाली, रस्त्यावर ऊन आणि एक-दोन गाई. मी हळूहळू चालत होते आणि मला खरंच वाटत होतं की गल्ली रोजच्याहून रुंद झालीय, प्रत्येक घरात कुणीतरी पुस्तक छातीवर पालथं ठेवून पहुडलंय, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडताहेत. हे चित्र इतकं सुखाचं होतं की मी त्यातून बाहेर यायला तयार नव्हते. मग सहज एका सभासदाचं घर शोधलं. तिथं ब्लाऊज शिवणारा टेलर बसला होता. पुढच्या पत्त्यावर ट्यूशन क्लासची पाटी. त्याच्या पुढच्यावर कुलूप, आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम.

समोरच्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या बाईनं विचारलं, “कोनुं घर शोधो छो, बेन?”

मी नाव सांगितलं. ती हसली. “ए लोको तो क्यारना गया!”

कधीच गेले. कुठं गेले ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी रजिस्टरमधल्या एका काकांना फोन लावला. विचारलं, काका, राहता कुठं?

“नागरवाड्यात. दुसरं कुठं?”

“मग तुमच्या मागं ही कोकिळा कुठली ओरडतेय?”

“ती होय? ती इथली, तरसालीची. बंगल्याच्या मागं आंबा आहे ने आपला.”

“तिकडं जाऊन किती वर्षं झाली?”

“झाली असतील वीस-बावीस. पण ते राहायला गं. बाकी आम्ही नागरवाड्याचे.”

असे मी दहा-बारा फोन केले. दहा-बाराजणांनी मला रावपुरा आणि नागरवाडाच सांगितलं, आणि खोदून विचारल्यावर कुणी मांजलपूरला निघालं, कुणी कारेलीबागेत, कुणी वाघोडिया रोडच्या पार टोकाला. एकही माणूस खोटं बोलत नव्हतं. पत्ता विचारला की आमच्या लोकांच्या तोंडून आजोबांचा पत्ता येतो, एवढंच. मी मनातल्या मनात सगळ्यांना यथेच्छ हसून घेतलं. मग रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव काढलं. पुढं लिहिलं होतं, रावपुरा. मी लग्न झाल्यापासून गोत्री रोडला राहते.

म्हणजे माझा नकाशा बडोद्याचा नव्हताच. लोक मनानं जिथं नांदत होते त्या गावाचा होता. गाव फार सुंदर होतं, पण तिथं पुस्तक बदलायला जिना चढून कोण येणार होतं? आणि तरीही, खरं सांगते, मी गप्प बसायचं ठरवलं. आकडे रजिस्टरातले होते. विचारलं कुणी तर रजिस्टर पुढं करायचं. बाईंची खोली राहील, बाई राहतील, सगळ्यांनी आपापल्या स्वप्नात सुखानं राहावं. मला त्यात काही वाईट दिसेना. अजूनही फारसं दिसत नाही.

प्रिंट बाईंना दाखवायला नेली. त्यांनी ती टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“हे कधीचं बडोदं?”

“आत्ताचं. तुमच्या रजिस्टरावरून केलंय.”

“छे. रजिस्टरातले पत्ते मी बदलतच नाही. लोक येतात, म्हणतात बाई, घर बदललं. मी म्हणते राहू द्या, माझ्या लक्षात राहील. एवढं चांगलं अक्षर कशाला खोडायचं?”

मी आवाज खाली आणला. म्हटलं, बाई, हे कमिटीला सांगायची गरज नाही. हाच नकाशा लागू दे. तुमची खोली वाचते.

बाईंनी चष्मा वर ढकलला. माझ्याकडे असं बघितलं की मला बारा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. “रजिस्टर चुकलं तर चालतं, खरे पत्ते मला तोंडपाठ आहेत. नकाशा भिंतीवर लागतो. तो चुकलेला नको. बस, मी सांगते, तू लिही.”

त्या पुढच्या चार-पाच दुपारी माझ्या आयुष्यातल्या फार संथ दुपारी होत्या. वाचनालय एक ते चार बंद असायचं. खिडक्या लोटून घेतलेल्या, पंखा कुरकुरणारा, आणि बाई डोळे मिटून सांगायच्या. कार्ड नंबर आधी, मग वाचक, मग वाट. या वाघोडिया रोडला, पाण्याच्या टाकीसमोरच्या सोसायटीत, यांना प्रवासवर्णनं लागतात. हे मांजलपूरला, देवळाच्या मागं, पुस्तकात बडीशेप सांडतात. या कारेलीबागेत, मोतीबिंदू झाल्यापासून मोठ्या टाइपाचीच नेतात. मी सरळ नकाशावर पेन्सिलीनं टिंब द्यायची. एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर जाताना माझे डोळे जड व्हायचे, आणि मला वाटायचं की बाई पत्ते सांगत नाहीत, त्या शहरभर एकेका दारात हळूच पुस्तक ठेवून येताहेत. एकदाही त्या अडखळल्या नाहीत. प्रत्येक टिंब त्यांची खोली थोडी थोडी काढून घेत होतं, आणि हे आम्हा दोघींनाही कळत होतं. एकदा मी पेन्सिल खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “थकलीस का? पुढचं सोपं आहे, एकाच सोसायटीतले चौघं.”

नवा नकाशा निघाला तेव्हा मी टाळी वाजवली नाही. कडेकडेनं सगळं फुगलं होतं. मांजलपूर आणि तरसाली मिळून दक्षिणेला मोठा लोंबता गोळा, पूर्वेला वाघोडिया रोड, पश्चिमेला गोत्री. मध्ये रावपुरा आणि नागरवाडा आक्रसून बेंबीएवढे झाले होते. वाद घालायला जागाच नव्हती.

रविवारी सकाळी मीटिंग झाली. नकाशा भिंतीला लावला. आधी सगळ्यांनी आपापलं घर शोधलं, जसं लोक ग्रुप फोटोत स्वतःला शोधतात. कुणी म्हणालं, आमची सोसायटी किती मोठी दिसतेय बघा. मग एका आजोबांनी मधल्या बेंबीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, रावपुरा. ते बोट काढून घेऊन खुर्चीत जाऊन बसले. पंधरा मिनिटांत ठरलं. मांजलपूर. कुणी भांडलं नाही, कुणी रुसलं नाही. निर्णय न्यायाचा होता आणि तो माझ्या नकाशानं करून दिला होता. मला त्याचा राग आला होता, आणि तो काढायला माणूस सापडत नव्हता.

बाई चहाचे कप ठेवत होत्या. सेक्रेटरी मोकळ्या मनानं म्हणाले, “बाई, तुम्ही जीव घाबरा करू नका. रावपुऱ्याहून मांजलपूर ते कितीसं? शटल रिक्षात बसलात की वीस मिनिटं.”

“मी सावलीहून येते,” बाई म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. सावली म्हणजे उत्तरेला, शहराबाहेर, तालुक्याचं गाव. बसनं चांगला तास-सव्वा तास.

“मागची राहायची खोली सोडावी लागली मला. चार वर्षं झाली. भाऊ सावलीला आहे, तिथल्या कंपनीत. त्याच्याकडं राहते. सहाची बस घेते. डेपोवरून इथवर चालत येते.”

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. गेली चार वर्षं सकाळी काही लागलं की ते बाईंना फोन करायचे, तुम्ही मागंच आहात, जरा कुलूप उघडून ठेवा. आणि कुलूप उघडलेलं असायचं. “पण सांगायचं नाही का?” ते म्हणाले.

“लांब राहते म्हटलं की उशिराच येणार असं धरतात माणसाला. मी एक दिवस उशिरा आले का? सांगा.”

सगळे पंख्याकडे, कपाटांकडे, भिंतीकडे बघत होते. सावलीची बस डेपोवर पोचायची, आणि तिथून मांजलपूर म्हणजे पुन्हा सगळं शहर ओलांडायचं. फावणार नाही, असं त्या का म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा समजलं. आणि त्याच वेळी दुसरंही समजलं, ज्यानं माझे कान तापले. समोरासमोर बसून मी त्यांना तीनशे माणसांचे पत्ते विचारले होते. तुम्ही कुठं राहता, एवढं एक मी विचारलं नव्हतं. त्या सभासद नव्हत्या, म्हणून त्यांचं कार्ड नव्हतं. कार्ड नव्हतं म्हणून टिंब नव्हतं. जी मोजत होती ती मोजली गेली नव्हती, आणि ही चूक मशीनची नव्हती.

झालेला निर्णय कुणी फिरवला नाही. एका माणसासाठी तीनशेजणांना जिना चढायला कसं लावणार? मी कमिटीत असते तर मीही नसतं फिरवलं. बाई म्हणाल्या, कपाटं लावून देईपर्यंत येईन, मग तुम्ही जवळचं कुणी बघा.

त्या दुपारी घरी येऊन मी नकाशाची हद्द वर वाढवली. आख्खा सावली तालुका आत घेतला, त्याची शेतं, कारखाने, तो लांबलचक रस्ता. वाचक, एक. बटण दाबलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा तालुका दिसेना. मग कागदाच्या वरच्या कडेला, शहराला अगदी चिकटून, तिळाएवढं काहीतरी सापडलं. यंत्रानं बरोबर केलं होतं. एवढी जमीन आणि माणूस एक, तर जमीन आकसणारच. आणि जमिनीबरोबर रस्ताही आकसला होता, सहाची बसही, तो सगळा सव्वा तासही. इतकी वर्षं मी हौसेनं हद्दी हलवत आलेय, पण हलवताना मधलं अंतर कोण चालतं हे कधी मनात आलं नव्हतं. मी पंखा बंद करून तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं.

रावपुऱ्यातल्या शेवटच्या आठवड्यात बाई पुस्तकांचे गठ्ठे बांधत होत्या. मी दोरी धरायला गेले होते. तो कागद दाखवायचा नाही असं ठरवून पिशवीत ठेवला होता, पण त्यांनी विचारलं, “माझंही टिंब दिलंस का गं मग?” मी कागद काढून दिला.

“कुठं आहे मी?”

मी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, कागद डोळ्यांशी नेला, आणि सावलीपासून रावपुऱ्यापर्यंत बोटानं मोजलं. एक पेर भरलं नाही.

“एवढं जवळ?” त्या म्हणाल्या. “असं असतं तर मी आणखी दहा वर्षं आले असते.”